रोमेश रंगनाथन: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि माझ्या परीने उत्तरं

दाढी, चष्मा, कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवून स्टेजवर ढकलल्यासारखा चेहरा, इंग्लिश एकदम लंडनच्या आसपासचं आणि आडनाव मात्र माटुंग्याच्या बिल्डिंगमधल्या पाटीवर शोभेल असं. युट्यूबवर टास्कमास्टरचे (कॉमेडियनना विचित्र कामं करायला लावणारा ब्रिटिश शो) नाहीतर लाइव्ह ॲट द अपोलोचे क्लिप बघताना हा माणूस कधीतरी समोर येतोच आणि मग लोक तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक चिकटवून मोकळा.

हा नक्की कोण आहे?

ब्रिटिश स्टँडअप कॉमेडियन, टीव्ही प्रेझेंटर, सिटकॉम लिहिणारा आणि त्यात कामही करणारा, रेडिओवर हिपहॉप वाजवणारा, आणि या सगळ्याच्या आधी शाळेत गणित शिकवणारा मास्तर. जन्म १९७८ चा, गाव क्रॉली, वेस्ट ससेक्स. क्रॉली म्हणजे गॅटविक विमानतळाच्या शेजारचं शहर, दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी बाहेर हलवायला सरकारने जी नवी शहरं वसवली त्यातलं एक. ब्रिटिश लोकांच्या डोक्यात क्रॉली म्हटलं की काही खास येत नाही, आणि रोमेशने याच गोष्टीवर इतकी वर्षं धंदा केलाय की आत्मचरित्राचं नावसुद्धा ‘स्ट्रेट आउट्टा क्रॉली’ ठेवलं (२०१८). हिपहॉपवाल्यांना त्या नावातला टोमणा लगेच कळेल, ‘स्ट्रेट आउट्टा कॉम्प्टन’ या गाजलेल्या रॅप अल्बमच्या नावातल्या अमेरिकेतल्या कॉम्प्टनच्या जागी क्रॉली.

इंडियन आहे का?

नाही. आईवडील श्रीलंकेतले तमिळ, धर्माने हिंदू, तिथून इंग्लंडला आलेले. याचा जन्म आणि शाळा सगळं इंग्लंडमध्येच. ‘आपलाच माणूस’ म्हणून क्लिप फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे कितीही वेळा सांगा, पुढच्या आठवड्यात परत तेच. पण एक मान्य करायला हवं, त्याच्या घरातले सीन बघितले की आपल्याला फार काही समजावून सांगावं लागत नाही. आईचा ‘लोक काय म्हणतील’ हा सूर, नातेवाईकांचा गोतावळा, मुलगा एवढा मोठा झाला तरी त्याच्या कपड्यांवर कमेंट, हे पुण्यात काय, जाफन्यात काय आणि क्रॉलीत काय, सारखंच.

त्याचं खरं नाव जोनाथन आहे म्हणतात, खरं का?

हो, जोनाथन रोमेश रंगनाथन. पुढे ‘अव्हॉइडन्स’ नावाची सिटकॉम केली तेव्हा हिरोचं नाव त्याने जोनाथनच ठेवलं, म्हणजे ते नाव शेवटी कुठेतरी वापरून टाकलं म्हणा.

लहानपण कसं गेलं? वडिलांबद्दल काहीतरी ऐकलंय.

ऐकलंय ते खरंय आणि तो स्वतःच उघडपणे सांगतो, पुस्तकातही लिहिलंय. आधी घरची परिस्थिती चांगली होती, पोरगा रायगेट ग्रामर स्कूलसारख्या चांगल्या शाळेत. मग वडिलांचे पैशांचे व्यवहार कोसळले, घर बँकेने ताब्यात घेतलं आणि वडिलांना फसवणुकीच्या केसमध्ये तुरुंगवास झाला. आई दोन्ही पोरांना घेऊन काही काळ एका बेड अँड ब्रेकफास्टमध्ये राहिली, मग कौन्सिलचं घर मिळालं, म्हणजे तिकडचं सरकारी भाड्याचं घर. शाळा बदलून हेझलविक, क्रॉलीमधलीच साधी सरकारी शाळा. वडील नंतर सुटून आले आणि पुढे त्यांनी एक पब चालवायला घेतला, २०११ मध्ये ते गेले.

हे मी एवढं सविस्तर लिहितोय कारण माझ्या मते या माणसाच्या पूर्ण करिअरची किल्ली इथे आहे. स्टेजवर तो आळशी, वैतागलेला, ‘मला सोफ्यावर पडू द्या’ टाइप माणूस बनून उभा राहतो, पण गेल्या दहाबारा वर्षांतल्या त्याच्या कामाची यादी काढली तर आपल्याला वाचूनच दम लागतो. ज्या पोराने घर जाताना बघितलंय तो काम नाकारत नाही, असा आपला माझा अंदाज. चूकही असेल, पण यादी बघा आणि मग बोला.

मास्तर होता हे खरं की स्टेजवरची थाप?

शंभर टक्के खरं. ज्या हेझलविकमध्ये शिकला तिथेच पुढे गणित शिकवायला लागला, आणि नुसता वर्गशिक्षक नाही, हेड ऑफ सिक्स्थ फॉर्म झाला, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी बारावीचा प्रमुख म्हणा. बायकोही तिथेच शिक्षिका होती, ओळख तिथलीच. गणिताची डिग्री लंडनच्या बर्कबेकमधून. बर्कबेक मजेशीर कॉलेज आहे, तिथले बरेचसे वर्ग संध्याकाळी भरतात, दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी.

आणि एकदा हे कळलं की त्याचा स्टँडअप वेगळाच दिसायला लागतो बरं का. प्रेक्षकातला कोणी मध्येच काही बोलला की तो ओरडत नाही, चिडत नाही, फक्त थांबून चष्म्यातून बघतो, ‘झालं तुझं? चालू करू मी?’ असं. तीस पोरांच्या दहावीच्या वर्गात शुक्रवारी शेवटचा तास ज्याने घेतलाय त्यालाच ते जमतं.

ब्रिटनमधले सगळे कॉमेडियन आधी मास्तर होते का?

हा प्रश्न गमतीत विचारला जातो पण त्यात तथ्य आहे. टास्कमास्टरचा पहिला सीझन घ्या, २०१५ चा. वर सिंहासनावर बसलेला ग्रेग डेव्हिस, तो तेरा वर्षं शाळेत ड्रामा शिकवायचा. स्पर्धकांत फ्रँक स्किनर, तो कॉलेजात इंग्लिश शिकवायचा. आणि रोमेश. म्हणजे एका सेटवर तीन माजी मास्तर.

मग स्टँडअपमध्ये आला कसा?

नऊ वर्षांचा असताना पॉन्टिन्सच्या हॉलिडे कॅम्पमध्ये टॅलेंट स्पर्धेत जोक सांगितले, ही पहिली एंट्री. पॉन्टिन्स म्हणजे तिकडच्या मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांची सुट्टीची जागा, समुद्राकाठी छोट्या खोल्या, दिवसभर खेळ आणि रात्री मनोरंजनाचा कार्यक्रम. मग मधे बरीच वर्षं काही नाही. म्हणजे कॉमेडी नाही, रॅप होतं. ‘रँगा’ नावाने फ्रीस्टाइल करायचा आणि स्पर्धांमध्ये चांगला पुढेपर्यंत गेला होता. गणिताचा मास्तर रॅपर आहे हे पोरांना कळल्यावर वर्गात काय झालं असेल ते इमॅजिन करा.

खरी सुरुवात तिशी ओलांडल्यावर. दिवसा शाळा, रात्री पबच्या वरच्या मजल्यावर पाच मिनिटांचा स्पॉट, तिकडे याला ओपन स्पॉट म्हणतात, पैसे मिळत नाहीत, उलट पेट्रोल स्वतःचं. यातच वडील गेले आणि पबची जबाबदारी अंगावर आली. २०१२ च्या सुमारास शाळा सोडून पूर्णवेळ कॉमेडी. तेव्हा वय चौतीसच्या आसपास, घरी लहान पोरं, पक्की नोकरी, पेन्शन, आणि ते सगळं सोडून हा बाबा वीस पंचवीस लोकांसमोर जोक मारायला निघाला. आपल्या घरात कोणी असं केलं असतं तर मामा लोकांची मीटिंग बसली असती.

एडिनबराची काय भानगड आहे? प्रत्येक ब्रिटिश कॉमेडियनच्या माहितीत ते नाव असतंच.

भानगड समजून घेण्यासारखी आहे, कारण तिकडची पूर्ण इंडस्ट्री त्यावर चालते.

दर ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात फ्रिंज फेस्टिव्हल भरतो. सुरुवात १९४७ ला, तिथल्या मोठ्या अधिकृत फेस्टिव्हलला आठ नाटक कंपन्या बोलावणं नसताना गेल्या आणि बाजूला कुठेतरी आपापले प्रयोग लावले, म्हणून फ्रिंज, काठावरचे. आज तो जगातला सगळ्यात मोठा कला महोत्सव धरला जातो. कुणीही जाऊ शकतं, कोणी निवड करत नाही, हॉल भाड्याने घ्या आणि शो करा. ऐकायला लोकशाही वाटतं पण खर्च असा असतो की बहुतेक लोक महिनाभर रोज शो करून शेवटी स्वतःच्याच खिशातून पैसे घालून घरी येतात. राहायच्या खोलीचं भाडं ऑगस्टमध्ये आभाळाला टेकतं. हॉल म्हणजे कधी तळघर, कधी कॉलेजची लेक्चर रूम, कधी उभा केलेला कंटेनर.

मग जातात कशाला? कारण टीव्हीचे प्रोड्युसर, एजंट, पेपरातले समीक्षक सगळे त्या महिन्यात तिथे असतात. आणि तासाभराचा पूर्ण शो लिहायची शिस्त तिथे लागते. क्लबमध्ये वीस मिनिटं जोकवर जोक चालून जातात, पण एक तास लोकांना बसवायचं तर काहीतरी गोष्ट लागते, स्वतःबद्दल काही सांगावं लागतं. वर १९८१ पासून तिथे कॉमेडी ॲवॉर्ड देतात, आधी पेरिए नावाने ओळखायचे. पहिल्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या फुटलाइट्स या ग्रुपला मिळालं होतं, त्यात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्प्सन होते. म्हणजे काय दर्जाची गोष्ट आहे ते बघा.

रोमेशला मिळालं का ते ॲवॉर्ड?

नाही मिळालं! २०१३ ला ‘रॉम कॉम’ नावाचा शो घेऊन गेला, बेस्ट न्यूकमरचं नॉमिनेशन, जिंकला जॉन कर्न्स. २०१४ ला ‘रॉम वॉझन्ट बिल्ट इन अ डे’ घेऊन परत, यावेळी मुख्य ॲवॉर्डचं नॉमिनेशन, जिंकला कोण, परत जॉन कर्न्स. लागोपाठ दोन वर्षं एकाच माणसाकडून हरणं म्हणजे नशीबच. पण लागोपाठ दोन्ही नॉमिनेशन मिळणं हेच मोठं, टीव्हीवाल्यांना तेवढं पुरलं.

(शोच्या नावात ‘रॉम’ घुसवायची ही खोड त्याला बरीच वर्षं होती. मला नाही फार आवडत, पण चालतं.)

टीव्हीवर नेमका कधी दिसायला लागला?

तिकडची शिडी साधारण अशी असते: क्लब, एडिनबरा, मग पॅनेल शो, मग लाइव्ह ॲट द अपोलोसारखा स्टँडअपचा स्लॉट, मग कशाचा तरी होस्ट. पॅनेल शो हा प्रकार आपल्याकडे तसा रुजला नाही, दोन टीम, बातम्यांवर नाहीतर कशावरही प्रश्न, गुणांना काडीची किंमत नाही, कोण जास्त हसवतो एवढंच. मॉक द वीक, हॅव आय गॉट न्यूज फॉर यू, क्यूआय वगैरे. रोमेश २०१३ नंतर या सगळ्या चक्रात फिरला. हॅमरस्मिथच्या अपोलो थिएटरात तीनेक हजार लोकांसमोरचा स्लॉट मिळाला.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो भेटला टास्कमास्टरमुळे. पहिल्याच एपिसोडमध्ये एका मिनिटात जास्तीत जास्त कलिंगड खायचं होतं. बाकीचे विचार करतायत कापायचं कसं, यांनी कलिंगड उचललं, जमिनीवर आपटलं आणि जे फुटलं ते खायला सुरुवात. तो सीझन जॉश विडिकमने जिंकला पण कलिंगडाची आठवण लोक अजून काढतात. कार्यक्रमाची सगळी चव पहिल्या काही मिनिटांतच लोकांना कळली, त्यात या आपटण्याचा वाटा मोठा.

त्याची आई एवढी फेमस कशी झाली?

आता आलात मुद्द्यावर. आईंचं नाव शांती, आणि मी तर म्हणेन रोमेशच्या करिअरला खरी कलाटणी एडिनबराने नाही, आईंनी दिली.

२०१५ ला बीबीसी थ्रीवर ‘एशियन प्रोव्होकेटर’ आला. कल्पना अशी की आईंना वाटतं पोरगा फार इंग्रज झालाय, मुळाचा पत्ता नाही, म्हणून त्या त्याला श्रीलंकेला नातेवाईकांकडे पाठवतात आणि तिथे त्याने काय काय करायचं ते त्याच ठरवतात. पोरगा तिथे घामाघूम, प्रत्येक गोष्टीला कुरकुर, आणि नातेवाईक अजिबात इंप्रेस न झालेले. बाहेर कितीही मोठा कॉमेडियन असशील, इथे तू शांतीचा मुलगा, बस खाली आणि जेव.

त्या शोमध्ये आईंनी अभिनय केलाय असं कुठेच वाटत नाही. पोराच्या जोकवर हसतात, मधेच त्याला गप्प करतात, आणि टायमिंग असं की भल्याभल्या कॉमेडियनना जमणार नाही. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सीझनला, २०१६ मध्ये, आई स्वतःच बरोबर निघाल्या, मायलेक अमेरिकाभर फिरले. पुढे ‘द रँगनेशन’ या त्याच्या बीबीसीवरच्या शोमध्येसुद्धा त्या होत्या.

मला यात आवडतं ते असं, परदेशातल्या आपल्यासारख्या लोकांवरची कॉमेडी बरेचदा आईच्या ॲक्सेंटची नक्कल करून हशा मिळवते. इथे आई स्वतः समोर आहे, स्वतःच्या आवाजात बोलतेय आणि हशा बहुतेक वेळा पोराच्या खर्चाने होतोय. नक्कल करायची गरजच उरत नाही, आणि बघणाऱ्यालाही आपल्या आईवर हसल्यासारखं वाटत नाही.

याच्या आधी ब्रिटनमध्ये अशी देशी कॉमेडी नव्हती का?

होती की, आणि जबरदस्त होती. ‘गुडनेस ग्रेशस मी’, आधी बीबीसी रेडिओवर १९९६ ला, मग १९९८ पासून टीव्हीवर. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. त्यातलं ते स्केच बघितलं नसेल तर आधी ते बघा, मुंबईतली टोळी रात्री ‘इंग्लिश खायला’ जाते आणि वेटरला छळते, ब्रिटिश लोक दारू पिऊन करी हाउसमध्ये जे करतात त्याची बरोबर उलटी बाजू. मग २००१ ला ‘द कुमार्स ॲट नंबर ४२’.

फरक एवढाच की ती मंडळी ‘आम्ही एशियन आहोत’ या विषयावर एकत्र येऊन शो करत होती आणि त्यांनी दार उघडून दिलं म्हणून रोमेशच्या पिढीला प्रत्येक वेळी तोच विषय घ्यावा लागत नाही. तो बायको, पोरं, वजन, आळस, शाकाहार यावर तासभर बोलतो आणि रंगावर मधेच एखादा फटका मारून पुढे जातो.

बाफ्टा किती मिळालेत?

बाफ्टा म्हणजे तिकडचं सगळ्यात मानाचं टीव्ही ॲवॉर्ड. २०२० ला ‘द मिसॲडव्हेंचर्स ऑफ रोमेश रंगनाथन’ला फीचर्स गटात मिळालं, आणि २०२१ ला ‘द रँगनेशन’साठी एंटरटेनमेंट परफॉर्मन्सचं त्याला स्वतःला. आणि मग २०२३ आणि २०२४ ला त्याच बाफ्टा सोहळ्याचा होस्ट, जोडीला रॉब बेकेट.

मिसॲडव्हेंचर्स बघावं का? आणखी एक ट्रॅव्हल शो वाटतोय.

बघा, आणि जमलं तर सगळ्यात आधी हेच बघा. २०१८ ला बीबीसी टूवर सुरू झालं. ज्या देशांना पर्यटक टाळतात तिथे जायचं आणि तिथल्याच एखाद्या माणसाबरोबर फिरायचं, पहिल्या सीझनला हैती, इथिओपिया, अल्बानिया वगैरे. ट्रॅव्हल शोचे नेहमीचे होस्ट प्रत्येक डोंगर बघून ‘वॉव’ करतात, हा प्रत्येक डोंगर बघून ‘चढायचा का आता हा’ असं करतो, आणि त्यामुळेच जेव्हा एखादी गोष्ट त्याला खरंच भिडते तेव्हा आपल्यालाही ती भिडते. इथिओपियाचं नाव काढलं की ब्रिटिश माणसाच्या डोक्यात अजून ऐंशीच्या दशकातला दुष्काळच येतो, हैती म्हटलं की भूकंप. रोमेश तेच गैरसमज डोक्यात घेऊन उतरतो, ते लपवत नाही, आणि बरोबरचा स्थानिक माणूस ते एकेक करून काढतो. मूर्ख बनतो तो पाहुणा, तिथले लोक नाही. हे सांभाळणं सोपं नाही हो, अशा देशात विनोदी शो करताना एक इंच इकडेतिकडे झालं तरी किळसवाणं होऊ शकतं.

अमेरिकेत गेला होता ना? त्याचं काय झालं?

२०१८ ला शोटाइम चॅनलवर ‘जस्ट अनदर इमिग्रंट’, बायको, तिन्ही पोरं, आई, मामा असं अख्खं खटलं घेऊन लॉस एंजलिसला मुक्काम, आणि तिथे ओळखत कोणी नसताना सहा हजार खुर्च्यांचं ग्रीक थिएटर बुक केलेलं, आता तिकिटं खपवा. एकच सीझन झाला. बघायला मजा येते पण कॅमेरा आहे म्हणून घडवल्यासारखं जाणवतं, एशियन प्रोव्होकेटरचा साधेपणा नाही.

द वीकेस्ट लिंकचा होस्ट हाच का?

हाच. क्विझ शो आहे, डिसेंबर २०२१ पासून बीबीसी वनवर, सेलिब्रिटी स्पर्धक आणि पैसे चॅरिटीला. मूळ शो २००० ते २०१२, होस्ट ॲन रॉबिन्सन, काळे कपडे, चष्मा आणि स्पर्धकांना घालूनपाडून बोलणं. आपल्याकडे त्याचीच हिंदी आवृत्ती २००२ च्या सुमारास स्टार प्लसवर आली होती, ‘कमजोर कडी कौन’, नीना गुप्ता होस्ट, त्यांचा तो कोरडा निरोप आठवत असेल तर तुमचं वय आम्हाला कळलं.

रोमेश ॲन रॉबिन्सनची कॉपी करत नाही हे चांगलं. त्या घाबरवायच्या, हा निराश होतो. सोपं उत्तर चुकलं की पेपर तपासताना करतात तसा चेहरा. मास्तर कामाला आला म्हणायचं.

खरं सांगू का, मला हा शो त्याच्या बाकी कामापेक्षा फिका वाटतो. प्रश्न वाचायचे, बँक झालेले पैसे सांगायचे, मधे एक टोमणा, यात त्याच्यातला लेखक रिकामा बसतो. पण शनिवारी संध्याकाळी बीबीसी वनवर दिसणं म्हणजे तिकडच्या आजीआजोबांनाही तुमचं नाव पाठ होणं. ‘अ लीग ऑफ देअर ओन’ या स्कायवरच्या स्पोर्ट्स शोचंही तसंच, आधी पॅनेलवर होता, मग होस्ट झाला. घरखर्चाचं काम आणि आवडीचं काम, दोन्ही करतो माणूस.

सिटकॉम कोणत्या?

‘द रिलक्टंट लँडलॉर्ड’ (स्काय, २०१८ ते २०१९): वडील जातात आणि नको असलेला पब मुलाच्या गळ्यात पडतो. कुठून आलं हे वर वाचलंतच. ‘अव्हॉइडन्स’ (बीबीसी वन, २०२२ आणि २०२४): भांडण टाळण्यासाठी काहीही करणारा माणूस, त्याचा संसार मोडतो आणि तो पोराला घेऊन बहिणीच्या घरी येऊन राहतो. यातली दुसरी चांगली, बरीच चांगली. आणि २०२३ ला कॅथरिन रायनबरोबर ‘रोमँटिक गेटअवे’.

रॉब बेकेट कोण, आणि हे दोघं सारखे एकत्र का असतात?

रॉब पण स्टँडअप कॉमेडियन, दक्षिण लंडनचा, भलेमोठे पांढरे दात, कायम खुश. हा कायम वैतागलेला. जोडी जमली. २०१९ पासून स्कायवर ‘रॉब अँड रोमेश व्हर्सेस’, दर वेळी ज्यातलं काही कळत नाही असं एक क्षेत्र, बॅले, फॅशन, बास्केटबॉल, आणि दोघं त्यात उतरतात. टाइट्स घातलेला रोमेश एकदा बघाच.

खऱ्या आयुष्यातही एवढाच वैतागलेला असतो का?

स्टेजवरचा माणूस हा थोडा वाढवून दाखवलेला असतो, सगळ्यांचाच. पण डिप्रेशनबद्दल, तरुणपणी आलेल्या अगदी टोकाच्या विचारांबद्दल तो स्पष्ट बोललाय. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ‘काम’ (इंग्लिशमध्ये CALM) या ब्रिटिश संस्थेशी तो जोडलेला आहे आणि २०२४ ची लंडन मॅरेथॉन त्यांच्यासाठी धावला. सोफ्यावरून उठायला नको म्हणणारा माणूस बेचाळीस किलोमीटर धावून आला, आता बोला.

शाकाहारी आहे का?

त्याच्याही पुढे, व्हीगन. म्हणजे दूध, तूप, पनीर, सगळं बंद. यावर त्याचं बरंच मटेरियल आहे आणि त्यात व्हीगन लोकांना तो सोडत नाही, स्वतःसकट.

घरच्यांबरोबर बसून बघता येईल का?

वीकेस्ट लिंक, बिनधास्त. मिसॲडव्हेंचर्स, थोडी जीभ सुटते. स्टँडअप स्पेशल मात्र हेडफोन लावून, शिव्या भरपूर आणि बायकोबद्दलचं बोलणं सासूबाईंसमोर ऐकण्यासारखं नाही. नेटफ्लिक्सवर ‘द सिनिक’ आलं होतं २०२२ ला, ते ट्राय करा. इंग्लिश समजायला सोपं आहे, ग्लासगो किंवा न्यूकॅसलवाल्यांसारखं सबटायटल लावून पण कळत नाही असं नाही. सुरुवातीला तो जोक मारतोय की तक्रार करतोय हेच कळत नाही, दहा मिनिटं द्या, कान बसतो.

मी पण चौतिशीत आहे, नोकरी सोडून स्टँडअप करू का?

हा प्रश्न खरंच येतो, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा फक्त ‘नोकरी सोडली’ एवढंच वाचतात. आधी शाळा सांभाळून रात्री फुकटचे स्पॉट केलेली वर्षं त्यात धरा. आणि घरी बायको कमावती, पाठीशी उभी. शिवाय तिकडे प्रत्येक शहरात कॉमेडी क्लब, एडिनबरा, पॅनेल शो अशी पूर्ण साखळी तयार आहे, आपल्याकडे ती अजून तशी नाही. आधी ओपन माइकला जाऊन या, मग राजीनाम्याचं बघू.

सध्या काय करतो?

एप्रिल २०२४ पासून बीबीसी रेडिओ टूवर शनिवारी सकाळचा शो, क्लॉडिया विंकलमनच्या जागी. त्याआधी तिथेच हिपहॉपचा कार्यक्रम करायचा, आणि ‘हिपहॉप सेव्ह्ड माय लाइफ’ हा पॉडकास्ट तर २०१५ पासूनचा. कॉमेडियन टॉम डेव्हिसबरोबर ‘वुल्फ अँड आउल’ हा आणखी एक पॉडकास्ट, त्यात दोघं लोकांच्या आयुष्यातल्या अडचणींवर सल्ले देतात, सल्ले फारसे कामाचे नसतात पण भांडी घासताना ऐकायला मस्त.

सुरुवात कुठून करू, एकच सांगा.

एशियन प्रोव्होकेटरचा पहिला सीझन. एकच म्हणालात म्हणून, नाहीतर त्यानंतर लगेच मिसॲडव्हेंचर्सचा इथिओपियावाला एपिसोड. टास्कमास्टरचा पहिला सीझन जेवताना लावा, फक्त कलिंगडाच्या सीनला तोंडात घास ठेवू नका.